चोपण जमीन आणि छातीतलं दुखणं

माझ्या मामांच्या कपाटात एक जाडजूड फाईल आहे. दौंड तालुक्यातल्या त्यांच्या उसाच्या रानाचे माती परीक्षणाचे सगळे कागद त्यात तारखेनुसार लावून ठेवलेले आहेत. सामू किती, क्षारता किती, सेंद्रिय कर्ब किती, नत्र-स्फुरद-पालाश किती, सगळं. कुठल्या साली कुठल्या तुकड्यात जिप्सम टाकलं, कुठे ताग गाडला, कुठे चर काढला याच्या नोंदी मामांच्या हातच्या, पेन्सिलीनं समासात. माणूस सातवी शिकलेला, पण जमिनीच्या बाबतीत कुणाही कृषी पदवीधराच्या तोंडाला फेस आणेल.

काही वर्षांपूर्वी ऐन गाळप हंगामात मामांच्या छातीत दुखू लागलं. ऊस तोडीला आलेला, टोळी काही येत नव्हती, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. पहाटे डाव्या खांद्यात कळ आली. मामांनी ठरवलं, पित्त झालंय. सोडा-लिंबू घेतलं. मग ठरवलं, वात असेल. मामीनं तेल गरम करून चोळलं. तीन तास असेच गेले. घाम फुटून अंथरूण भिजलं तेव्हा चुलतभावानं जीपमध्ये घातलं. वाचले, हे नशीब. डॉक्टरांनी विचारलं, "आधी बीपी किती असायचं?" कुणालाच सांगता येईना. पासष्ट सालचा जन्म, आणि तोवर एकदाही मोजलेलं नव्हतं!

तीस वर्षं मातीतले क्षार मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या रक्तातल्या क्षारांचा पत्ता नव्हता. हा विचार माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून थोडं वाचायला घेतलं. वाचता वाचता शिरूर आणि दौंडचाच इतिहास समोर येत गेला. तो इथे मांडतो आहे.

सुरुवात मात्र लंडनमधून करावी लागेल. १८८२-८३ साली सिडनी रिंगर नावाचे एक डॉक्टर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. मिठाच्या पाण्यात ते हृदय तासन् तास चालत राहिलं. रिंगर यांना वाटलं, मीठ पुरेसं आहे. पुढे लक्षात आलं की मदतनिसानं ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचंच पाणी वापरलं होतं. शुद्ध पाणी वापरून पुन्हा प्रयोग केला तर हृदयाचे ठोके मंदावले आणि थोड्या वेळात थांबले. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, सगळी करामत त्याची होती. पण नुसतं कॅल्शियम वाढवलं तर हृदय आखडून बसे, आणि पोटॅशियम वाढवलं तर सैल पडून थांबे. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम, तिघांचं प्रमाण जुळलं की हृदय चालतं. या द्रावणात १९३२ च्या सुमारास अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी लॅक्टेटची भर घातली. आज आपल्या ग्रामीण रुग्णालयात खाटेशेजारी लटकणारी 'आरएल'ची बाटली ती हीच. त्यातला आर म्हणजे रिंगर.

आपल्याकडे गावात अशक्तपणा आला की "डॉक्टर, एक सलाईन लावा" म्हणायची पद्धत आहे. साध्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं. तेव्हा रक्तदाब असलेल्या माणसानं उगीच हौसेनं लावून घेतलेली बाटली म्हणजे जवळजवळ दिवसभराचं मीठ थेट शिरेतून!

आता शरीरातली व्यवस्था पाहा. पेशीच्या बाहेर, म्हणजे रक्तात, सोडियम भरपूर आणि पोटॅशियम अगदी थोडं. पेशीच्या आत बरोबर उलट. हा फरक टिकवण्यासाठी प्रत्येक पेशीच्या भिंतीवर एक पंप अखंड चालू असतो. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी तो १९५७ साली दाखवून दिला आणि त्याबद्दल त्यांना १९९७ साली नोबेल मिळालं. हा पंप चालायला मॅग्नेशियम लागतं. हृदयाचा प्रत्येक ठोका या चौघांच्या देवाणघेवाणीवर उभा आहे. एखादा फार कमी किंवा फार जास्त झाला की ठोक्याची लय बिघडते.

हे मामांना सांगितलं तेव्हा ते पटकन म्हणाले, "म्हणजे चोपण जमिनीसारखंच की रे!"

मी चमकलो, कारण खरोखर तसंच आहे. चोपण जमीन म्हणजे जिच्यात सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून बसलंय. कॅल्शियमची जागा सोडियमनं घेतली की माती फुगते, तिची छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. वरून जमीन काळीभोर दिसते, पण पीक पिवळं पडत जातं. उपाय म्हणजे जिप्सम, म्हणजेच कॅल्शियम. ते घालायचं, सोडियम सुटं करायचं आणि चर काढून पाण्याबरोबर बाहेर घालवायचं. नुसतं जिप्सम टाकून निचरा केला नाही तर काही उपयोग होत नाही.

ही चोपण आपल्याकडे आली ती कालव्यांच्या मागोमाग. खडकवासल्याचं धरण १८७९ चं. त्याच्या उजव्या कालव्याचं पाणी दौंडच्या बाजूला आलं, शेजारी नीरेचे कालवे झाले, ऊस आला, पैसा आला. पाणी आहे म्हणून पाणी देत राहिलं की भूजल वर येतं आणि खालचे क्षार घेऊन येतं. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० सालीच नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे १९३२ साली पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र निघालं. म्हणजे शंभरावर वर्षं आपण मातीतलं सोडियम मोजतो आहोत. माणसातलं मोजायला मात्र फार उशीर केला.

इथवर वाचून कुणी म्हणेल, जुनं ते सोनं, पूर्वीची माणसं भाकरी खात, चालत, आणि खुटखुटीत असत. मलाही तसं वाटायचं. पण याच मान यांचं दुसरं एक पुस्तक शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुक या गावावर आहे. ना. वि. कानिटकर यांच्याबरोबर केलेला हा अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध झाला. कोरडवाहू गाव, पाऊस बेभरवशाचा. घरोघर जमाखर्च मांडल्यावर दिसलं ते असं, की बहुतेक कुटुंबांचं उत्पन्न त्यांच्या साध्या गरजांनाही पुरत नव्हतं आणि वर कर्ज होतं. देशातलं सरासरी आयुर्मान तेव्हा पंचविसाच्या आत. प्लेग, पटकी, १९१८ चा इन्फ्लुएंझा, बाळंतपणं... हृदयविकाराचं वय गाठायलाच फार थोडी माणसं उरत. तेव्हा त्या काळात हृदयविकार नव्हता असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. तो यायच्या आधीच दुसरं काहीतरी येऊन घेऊन जायचं.

आणि ताण? 'हल्ली ताण फार' हे वाक्य आपण रोज ऐकतो. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं फोडली आणि कर्जरोख्यांची होळी केली. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. वणवा शिरूरकडेही पसरला. शेतसारा वाढलेला, अमेरिकन यादवीच्या काळात चढलेले कापसाचे भाव कोसळलेले, सावकार पुढे कर्ज देईना आणि जमीन लिहून घेई. पुढे १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला तो यातूनच. रात्री झोप न येणारा, सकाळी कोर्टाचा बेलिफ दारात येईल म्हणून धसकलेला कुणबी १८७५ सालीही होता. मामांची सोसायटी आणि त्याचा सावकार यांत फरक आहे, पण छातीवरचं ओझं ओळखीचं आहे.

मग बदललं काय? माझ्या मते एकाच वेळी तीन-चार गोष्टी बदलल्या आणि काळजी तेवढी तशीच राहिली.

पहिलं म्हणजे अंगमेहनत गेली. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असलेल्या चालकांना हृदयविकार जास्त, जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना कमी. बस तीच, साहेब तेच, पगारातही फार अंतर नाही, फरक मुख्यतः पायांचा. आपल्याकडेही असा मोजदादीचा मोठा प्रयत्न रेल्वेतच झाला, कारण रेल्वेकडे स्वतःचे दवाखाने आणि नोंदवह्या होत्या. डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून लिहिलं की दक्षिणेत हृदयविकार उत्तरेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे, आणि गंमत म्हणजे तूप-दूध जास्त खाणारे उत्तरेकडचे! त्यांनी काढलेल्या कारणांवर पुढे बरेच वाद झाले. पण 'हा श्रीमंतांचा आजार' हा समज तेव्हाच डळमळायला हवा होता. दौंड हे १८७८ पासूनचं जंक्शन, मनमाडचा फाटा इथूनच फुटतो. फलाटावर रात्रपाळी करणारी माणसं इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. १९९० नंतर त्यांत रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभच्या कारखान्यांतल्या पाळ्यांची भर पडली. शेतावर जायला मोटारसायकल आली, नांगराला ट्रॅक्टर आला. कष्ट कमी झाले हे चांगलंच झालं, त्याबद्दल कुणी हळहळू नये. पण घाम गाळायचा थांबला आणि मीठ खायचं थांबलं नाही.

दुसरं म्हणजे ताट. मीठ-मिरची-भाकरी हे गरिबाचं जेवण, तेव्हा पूर्वी मीठ कमी खात असत असं मी म्हणणार नाही. पण त्या मिठाबरोबर बाजरी होती, हुलगे-मटकी होती, माठ-चाकवत होतं. बाजरीत मॅग्नेशियम पांढऱ्या तांदळापेक्षा कितीतरी जास्त. डाळी, पालेभाज्या, फळं यांत पोटॅशियम भरपूर. म्हणजे सोडियमच्या पारड्यासमोर दुसरं पारडंही भरलेलं असे. आता सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री भाताबरोबर पापड-लोणचं, आणि मधे फरसाण. मीठ तेवढंच किंवा जास्त, आणि समोरचं पारडं रिकामं. देशातल्या पाहण्यांत माणशी रोजचं मीठ ८ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याच्या वर निघतं. ज्या मिठावरच्या करासाठी १९३० साली शिरोड्याला माणसांनी लाठ्या खाल्ल्या ते मीठ स्वस्त झालं ही चांगलीच गोष्ट. पण ते आता न मोजता पडतं, आणि त्यातलं काही तर आपल्याला दिसतही नाही.

तिसरी गोष्ट ताणाची, आणि इथे क्षारांचा आणि मनाचा सांधा जुळतो. 'स्ट्रेस' हा शब्द वैद्यकात रूढ करणारे हान्स सेल्ये यांनी १९५८ साली एक पुस्तक लिहिलं. उंदरांना आधी काही संप्रेरकं आणि सोडियमचे क्षार द्यायचे आणि मग ताणाखाली ठेवायचं. त्यांच्या हृदयाचे स्नायू जागोजाग मरत. तेच पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आधी दिले तर हृदय वाचे. कारण थोडंफार समजतं. काळजीत कॉर्टिसॉल वाढतं. ते फार वाढलं तर मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला आणि पोटॅशियम सोडून द्यायला लावतं. ॲड्रेनलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं. म्हणजे काळजी करणारा माणूस अळणी खात असला तरी त्याचं शरीर खारट होऊ पाहतं.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. १९९५ साली हृदयविकाराचा झटका आलेल्या ५८ हजारांवर रुग्णांवर मोठी चाचणी झाली. शिरेतून मॅग्नेशियम दिल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा मॅग्नेशियमच्या गोळ्यांची जाहिरात दिसली तर सावध राहावं. वर्षानुवर्षं बिघडलेली जमीन एका गोणीनं सुधारत नाही, तसंच हे.

मन आणि रक्तदाब यांच्या नात्यावरचं एक मोठं काम तर आपल्या मुंबईतलं. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. वेड आणि निद्रानाशावर पिढ्यान् पिढ्या वापरलेली ही मुळी. मन शांत करणारं औषध रक्तदाबही उतरवतं हे जगानं तेव्हा ऐकलं. १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे दुष्परिणामांमुळे ते औषध मागे पडलं, पण वाट तिथून रुंद झाली.

राहिला एक प्रश्न. मामा सडपातळ. पोट थोडं सुटलेलं, एवढंच. अशा माणसाला हे का व्हावं? त्याचंही उत्तर पुण्याच्या आसपासच सापडलं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं बारीक, पण कमी होता तो स्नायू. कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. दिसायला रोड आणि आतून चरबीचं, असं हे शरीर जन्मापासूनच. आईच्या, आजीच्या उपासमारीचा हिशोब नातवाच्या छातीत निघतो म्हणायचा. जातेगावच्या त्या १९२१ च्या जमाखर्चाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं पाहतो. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या सुमारास, असं ५२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं.

शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक आपल्याला संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत. तिथेच डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात पुण्याच्या केईएमचं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून तिथे आसपासच्या २२ गावांत घरोघर जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची नोंद होते, आणि २००५ साली आशियातल्या आणखी काही ठिकाणांबरोबर रक्तदाब, तंबाखू, खाणं, हालचाल यांची पाहणीही झाली. बाळंतपणं आणि जुलाब यांसाठी सुरू झालेलं काम रक्तदाबाच्या पट्ट्यापर्यंत येऊन पोचलं. या भागाच्या शंभर वर्षांचा इतिहास एवढ्या एका ओळीत मावतो.

शेवटी करायचं काय? २०२१ साली चीनमधल्या ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्या खेड्यांना नेहमीचं मीठ, अर्ध्यांना ज्यात चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराईड आहे असं मीठ. पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, मृत्यूही कमी झाले. पोटॅशियम क्लोराईड म्हणजे मामा उसाला घालतात ते पोटॅश. (खताच्या गोणीतलं खायचं असं नव्हे हो!) आणि एक इशारा महत्त्वाचा. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर असं मीठ घातक ठरू शकतं, कारण पोटॅशियम साठत जातं आणि रिंगर यांच्या बेडकासारखं हृदय सैल पडतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. भाजीत मीठ थोडं कमी, पापड-लोणचं कधीतरी, रोज एखादी पालेभाजी, आणि भाताच्या जागी एक वेळ भाकरी, हे बहुतेकांना विचारल्याशिवाय करता येतं.

मामींनी आधी कुरकुर केली. अळणी म्हणजे आजाऱ्याचं जेवण, पाहुण्यांसमोर कसं वाढायचं? मग त्यांनी लिंबू, लसूण आणि जवसाच्या चटणीवर भागवायला सुरुवात केली. मामा रोज संध्याकाळी कालव्याच्या कडेनं तासभर चालतात. कर्ज अजून आहे, तोडीची टोळी अजूनही वेळेवर येत नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, आणि 'ताण घेऊ नका' असं त्यांना सांगण्याचा निलाजरेपणा मी करत नाही.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा फाईल बाहेर काढली होती. माती परीक्षणाच्या कागदांच्या मागे आता काही नवे कागद लावले आहेत. तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, पेन्सिलीनं. एका ठिकाणी समासात लिहिलं होतं, "तोड लांबली, १६०". त्याच्याखाली आठवड्यानं, "ऊस गेला, १३८".

मी म्हणालो, मामा, आणखी कुणाचं मोजता का? तर म्हणाले, "शेजारच्या तिघांचं मोजतो. मशीन माझंच. दोघांना होतं रे, त्यांना माहीतच नव्हतं."

असो. तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, ज्यानं माती मोजली, पाणी मोजलं, दुधाचं फॅट मोजलं, आणि स्वतःचा दंड कधी पट्ट्यात दिला नाही. या आठवड्यात जमलं तर तेवढं मोजून घ्या.